पुठ्ठेमामांचा पंखा

पुठ्ठेमामांचा हात चालू मशीनला लागलेला मी कधी पाहिला नाही. मिस्त्री आला की झाकण उघडून कोपरापर्यंत हात आत घालणार, अशी आपली समजूत असते. हे गृहस्थ हात पाठीशी बांधून यंत्राभोवती दोन फेऱ्या मारायचे, मग काखेतला पुठ्ठ्याचा तुकडा काढायचे आणि तो पुढे धरून बघायचे. वहीच्या पानाएवढा तुकडा, सोलापुरी चादरी ज्या खोक्यांतून बाहेरगावी जातात तसल्या खोक्याचा कापलेला. शाळेतल्या मुलांनी त्यांचं नाव पुठ्ठेमामा ठेवलं आणि आठवडाभरात शिक्षकही तेच म्हणू लागले. मी त्यांना समोर मिस्त्री म्हणत असे.

अन्वय आणि इरा, गेल्या सोमवारी तुम्ही फोनवरून तुमच्या घरासमोरच्या बागेत गवत कापणारं मोठं यंत्र दाखवलंत. चालता चालता त्याच्या पंख्याचा आवाज एकदम मावळला. अन्वयने विचारलं, "आजी, बंद पडलं का?" तेवढ्यात यंत्राच्या मागून कचऱ्याचा ढग उडाला आणि इरा म्हणाली, "शिंकलं." मी तेव्हा काही बोलले नाही, कारण उत्तर द्यायला बसले असते तर तुमची शाळेची बस चुकली असती. ते उत्तर आता लिहिते. उत्तरात यंत्र थोडं आहे आणि माणूस जास्त.

मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर आमच्या शिक्षणसंस्थेने मला कार्यवाह केलं. शाळेचं मैदान मोठं. पावसाळ्यानंतर त्यावर गुडघाभर गवत माजायचं. परदेशात असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने तिकडच्या कुठल्याशा मैदानावर वापरलेलं एक यंत्र आम्हाला भेट पाठवलं. वर बसून चालवायचं, डिझेलचं, लहान जीपएवढं. दोन महिने ते उत्तम चाललं. मग त्यातून तेल गळायला लागलं, पंखा मंदावला आणि ते ताडपत्रीखाली जाऊन उभं राहिलं. शहरातले तीन मिस्त्री येऊन गेले. तिघांनीही पंख्याचा पट्टा शोधला, तो सापडला नाही, आणि "हे आपल्याकडचं नाही" असं सांगून तिघे परत गेले. शेवटी कुणीतरी म्हणालं, टेंभुर्णीला एक माणूस आहे, ऊस तोडायच्या मशीन दुरुस्त करतो.

तो माणूस एसटीने आला, पिशवी कडुलिंबाखाली ठेवली आणि नेहमीच्या दोन फेऱ्या मारल्या.

"पट्टा सापडत नाही म्हणून सगळे परत गेलेत," मी आधीच सांगून ठेवलं.

"सापडंल कसा? ह्येला पट्टा न्हायच की," ते म्हणाले. "ह्यो पंखा तेलावर फिरतोय, बाई."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, विज्ञान शिकवलेली बाई. न समजलेली गोष्ट समजली म्हणून सोडून देणं मला जमत नाही. मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं आणि त्यांनी काडीने मातीत चित्र काढून सांगितलं. इंजिन एका पंपाला फिरवतं. पंप जाड नळीतून तेल ढकलतो. ते तेल पंख्यामागच्या एका लहान मोटारीत शिरतं आणि तिला फिरवतं. मोटार म्हणजे विजेची नव्हे, तेलाच्या जोरावर फिरणारी. ती फिरली की पंखा फिरतो आणि तेल परत टाकीत येतं.

"मग पट्टा लावायला काय हरकत होती? साधं काम झालं असतं."

"पट्ट्याचा पंखा इंजिनाला बांधल्याला, बाई. इंजिन जोरात तर त्यो जोरात. सकाळच्या गारठ्यात बी तेवढाच पळणार, गरज असू दे नाय तर नसू दे. ह्येला मधी व्हॉल्व्ह हाय. इंजिनाचं पाणी किती तापलंय, तेल किती तापलंय, त्ये बघून त्यो पंख्याला तेल सोडतोय. लागंल तेवढंच. आन् पट्टा न्हाय म्हंजे पंखा कुटं बी बसवता येतोय, गवतापास्नं लांब."

"तापलंय हे त्याला कळतं कसं?"

"वायर सांगती."

"आणि वायर तुटली तर?" मी तोंडी परीक्षेसारखं विचारलं.

ते पहिल्यांदाच हसले. "आता बरूबर इचारलं. वायर तुटली तर पंखा थांबत न्हाय, पार फुल्ल पळतोय. काय कळंनासं झालं तर गार करत ऱ्हायाचं, आसं शिकवून ठिवलंय त्येला."

मग त्यांनी यंत्र सुरू करवलं आणि तेलाच्या नळीपासून वीतभर अंतरावर पुठ्ठा धरून तो हळूहळू सरकवत नेला. एका जागी पुठ्ठ्यावर केसासारखी बारीक तेलाची रेघ उमटली. तिथे नळीला सुईच्या टोकाएवढं भोक होतं, आणि त्यातून निघणारी धार इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नव्हती. त्यांनी मला डाव्या हाताची तर्जनी दाखवली. ती दुसऱ्या पेरापर्यंतच होती. एका हंगामात ऊसतोडणीच्या मशीनची गळती त्यांनी बोटाने चाचपली होती. तेलाची धार कातडी भेदून आत गेली, दुखलं फारसं नाही म्हणून ते दिवसभर काम करत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बोट कापावं लागलं.

"तवापास्नं पुठ्ठा पुढं, आमी मागं," ते म्हणाले. हे वाक्य मी पुढे पाच वर्षं ऐकलं.

नवी नळी बसल्यावर यंत्र सुरू झालं. पंधरा-वीस मिनिटांनी पंख्याचा आवाज मावळला.

"बंद पडला," मी म्हटलं.

त्यांनी उरलेलं अर्धं बोट वर केलं. "थांबलाय. आता फिरंल."

आणि पंखा उलटा फिरला. वाळक्या गवताचा, धुळीचा लोट सरळ माझ्या इस्त्रीच्या साडीवर आला. त्यांनी आधी मला बाजूला व्हायला सांगितलं नव्हतं, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, "सांगितलं आसतं तर तुमी लांबनं बघितलं आसतं. आता इसरणार न्हाय."

खरोखरच विसरले नाही. पंखा जाळीतून हवा आत ओढतो, आणि हवेबरोबर गवताची कुसळंही येऊन जाळीला चिकटतात. म्हणून यंत्र मधूनमधून तेलाची दिशा बदलतं, पंखा उलटा फिरतो आणि जाळी फुंकून साफ करतो. पण सरळ पळणारा पंखा एकदम उलटा फिरवला तर मोटारीचा दांडा तुटेल. म्हणून आधी त्याला पूर्ण थांबू द्यायचं, मग उलटा. जाळी साफ आहे की नाही हे ते पुठ्ठ्यानेच बघत. जाळीसमोर धरला आणि पटकन चिकटला, तर हवा आत जाते आहे. लोंबकळला, तर जाळी तुंबली आहे.

दोन दिवसांसाठी आलेले मिस्त्री व्यायामशाळेमागच्या खोलीत राहिले ते पाच वर्षं. पाण्याची मोटार, शाळेची बस, ध्वजस्तंभाची पुली, सगळं त्यांच्याकडे गेलं. बोलणं कमी. शिपायांच्या भांडणात कुणी साक्षीला बोलावलं तर म्हणायचे, "मी मशीनला हात लावत न्हाय, माणसांना कुटं लावू?" त्यांच्या कामात मला खोट काढता आली नाही. माझा स्वभाव पाहता ही मोठी गोष्ट आहे.

त्या पंख्याशी मात्र माझं जमलं नाही. एका जानेवारीत मैदानावर मुलींच्या संचलनाचा सराव चालू होता. पांढरे गणवेश, पांढरे मोजे, सरळ रांगा. यंत्र कडेने जात होतं आणि नेमकं रांगेपाशी येऊन शिंकलं. साठ मुली गवताने माखल्या, रांगा मोडल्या, हसण्याचा कल्लोळ झाला. मी कार्यालयात गेले आणि आदेश काढला: "शाळेच्या आवारात यंत्राचा पंखा कोणत्याही वेळी उलट दिशेने फिरवण्यात येऊ नये." जावक क्रमांक घातला, सही केली, एक प्रत फाइलला लावली.

मिस्त्रींनी तो दोनदा वाचला. "बाई, ह्ये बंद केलं तर जाळी तुंबंल."

"हाताने साफ करा."

"करतो की. पर दर अर्ध्या तासाला मशीन थांबवाय लागंल. नुसतं संचलनापुरतं बंद ठिवलं तर न्हाय का चालणार?"

"सवलत दिलेला नियम हा नियम राहत नाही, मिस्त्री."

"व्हय," ते म्हणाले. "कागद हाय म्हटल्यावर ऐकाय लागतंय." त्यांनी उलट्या फेरीचं बटण बंद केलं. मग कार्यालयातला डिंक मागून घेतला आणि माझा आदेश आपल्या पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला चिकटवला. खिशात ठेवला तर तेलाने खराब होईल, म्हणाले.

पुढचे आठ-नऊ महिने दर अर्ध्या तासाला यंत्र थांबे, ते ब्रशने जाळी झाडत, पुठ्ठा लावून बघत, मग अंबादास ड्रायव्हरला हात करत. गणवेश पांढरे राहिले. माझा आदेश योग्य होता असं मी धरून चालले.

दिवाळीच्या आधी तालुक्याच्या स्पर्धा आमच्या मैदानावर होत्या. गवत भरपूर वाढलेलं, वरून वाळलेलं. नेमकी त्याच आठवड्यात मिस्त्रींच्या पुतणीची सुपारी फुटायची होती, उजनीच्या पाण्याकाठी त्यांच्या गावी. मी दोन दिवसांची रजा मंजूर केली. निघताना ते दारात थांबले.

"मी न्हाय तवर तेवढा पंखा उलटा फिरू द्या, बाई. दोनच दिवस. अंबादासला घाई लई."

मी म्हटलं, "रजेवर तुम्ही जाताय. नियम नाही."

हे वाक्य मला तेव्हा चांगलं जमल्यासारखं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी अंबादासने सकाळी सातला यंत्र सुरू केलं आणि साडेदहापर्यंत एकदाही थांबवलं नाही. पंखा पूर्ण जोरात घोंगावत होता, आणि जोरात आहे म्हणजे गार होतंय, असं त्याला वाटलं. पण जाळीवर गवताची गोधडी बसली होती. पंख्याला ओढायला हवाच नव्हती. धोक्याची घंटा वाजत असणार. पण शेजारीच हलगीवर लेझीमचा सराव चालला होता. वाफ दिसली तेव्हा उशीर झाला होता. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं लोखंडी झाकण, तडकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कार्यकारिणी बसली. मी नेहमीप्रमाणे इतिवृत्त लिहायला अध्यक्षांच्या उजव्या हाताला. मिस्त्री गावाहून थेट आले होते, अंगात सुपारीसाठी घातलेला स्वच्छ सदरा. पुठ्ठा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. तेलाचे डाग आमच्याकडे, आदेश त्यांच्याकडे.

अध्यक्ष म्हणाले, "मिस्त्री, मशीन गवत कापायला दिली होती. शिजवायला नाही."

एकदोघे हसले.

"ते उलटं फिरायचं बटण बंद होतं म्हणे. कुणी केलं?"

"मी केलं, साहेब."

"कशासाठी?"

"जाळी हातानं झाडायची, आसं ठरलं हुतं."

"कुणी ठरवलं?"

मला वाटलं आता पुठ्ठा उलटा होईल. त्यासाठी एक मनगट फिरवायचं होतं. पण त्यांनी तो तसाच धरून ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मशीन माझ्या ताब्यात हाय, साहेब."

अध्यक्षांनी ठराव सांगितला: हयगयीमुळे संस्थेचं नुकसान, मिस्त्रींना महिनाअखेर कामावरून कमी करावं, खोली रिकामी करून घ्यावी. मग कागद बाजूला सारत म्हणाले, "आणि टेंभुर्णीला माझी ओळख आहे. तिथल्या मशीनवाल्यांनाही सांगून ठेवतो, इंजिन जाळणारा माणूस आहे म्हणून." उसाचा हंगाम पंधरा दिवसांवर होता. ज्याने इंजिन जाळलं असं एकदा पसरलं, त्याला कोणी मशीनजवळ उभं करत नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर त्या दिवसात बदल दिसला तो या वाक्याला. तरी पुठ्ठा हलला नाही.

मी 'हयगय' हा शब्द लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. तेव्हाही ते बिघडलं नाही. खाली सही केली आणि घरी आले.

मी गप्प का राहिले याची कारणं मी त्या संध्याकाळी नीट मांडून पाहिली. शाळेत माझी चूक कोणी दाखवलेली नव्हती, हे त्यातलं खरं कारण. बाकीची नंतर शोधलेली होती.

सकाळी साडेसातला कार्यालय उघडून मी जावक फाइल काढली. आदेशाची प्रत जिथे असायला हवी तिथेच होती. माझ्या फायली नेहमी जागेवर असत. ती प्रत घेऊन मी अध्यक्षांच्या घरी गेले. ते चहा पीत होते. कागद वाचून त्यांनी तो घडी घालून माझ्याकडे परत केला.

"बाई, जाऊ द्या ना. ठराव झालाय. तुमचं नाव कशाला मध्ये?"

"ते मध्येच आहे," मी म्हटलं. "खाली सही आहे माझी. टेंभुर्णीला फोन केलात का?"

"अजून नाही."

"मग करू नका."

त्याच दुपारी पुन्हा बैठक झाली. ठराव रद्द झाला. हयगय कुणाची, हे इतिवृत्तात मी माझ्या हाताने दुरुस्त केलं. राजीनामाही पुढे केला. तो त्यांनी मार्चपर्यंत थांबवा म्हणून परत दिला. मार्चमध्ये स्वीकारला.

मिस्त्रींनी तीन आठवडे खपून इंजिन उभं केलं. या काळात आमच्यात कामापलीकडे बोलणं झालं नाही. मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, माझी चूक झाली." ते म्हणाले, "व्हय," आणि पाना मागितला. तो मी दिला.

यंत्र सुरू करायच्या आधी त्यांनी उलट्या फेरीचं बटण पुन्हा चालू केलं. मी कडुलिंबाखाली उभी होते. पंखा घुमू लागला, जाळीवर पुठ्ठा टपकन चिकटला. तेव्हा मला पुठ्ठ्यावरचा माझा आदेश वाचता आला, जावक क्रमांकासकट.

"त्या दिवशी हा उलटा का केला नाहीत?" मी विचारलं. "एका मिनिटात सुटला असतात."

ते पंख्याकडे बघत होते. "मी उलटा केला आसता तर तुमी कागदाखाली सापडला आसता. तुमी सवताच फिरशीला, आसं वाटलं."

"मी तर ठराव लिहून, सही करून घरी गेले."

त्याच वेळी पंख्याचा आवाज मावळला. त्यांनी अर्धं बोट वर केलं. "जोरात पळणारा पंखा एकदम फिरत न्हाय, बाई. आधी थांबतोय. तुमाला एक रात लागली. चाललं की."

मग गवताचा लोट आला. या वेळी मी बाजूला झाले नाही.

हंगाम सुरू झाला आणि टेंभुर्णीहून त्यांना बोलावणं आलं. महिनाअखेर झाल्यावर ते स्वतःहून गेले. राहा म्हणून मी सांगितलं, अध्यक्षांनीही सांगितलं. "मशीन शिंकतीया. अंबादासला समजलंय. आता माझं काय काम?" असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली. पुठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर माझा कागद आहे, तो माझ्याकडेच असावा, म्हणाले. त्यांना दुसरं खोकं मिळेल. मी फाटकापर्यंत गेले. एसटीत चढताना त्यांनी मागे बघितलं नाही. तशी त्यांची सवय नव्हती.

नंतर आमची भेट झाली नाही. गेल्या वर्षी अंबादास भेटला, त्याच्याकडून कळलं की ते गावीच वारले, पाण्याकाठी, आजार फारसा न होता. पुठ्ठा माझ्या कपाटात आहे. एका बाजूला तेलाचे डाग आणि जाळीचे बारीक चौकोन उमटलेले, दुसऱ्या बाजूला माझं चांगलं अक्षर.

अन्वय, तू विचारलंस, बंद पडलं का. नाही, बाळा. थांबलं होतं.